ऐरावत इंजिन मोडिले आणि लहान इंजिनास आठ गिअर जोडिले, त्याची हकीकत

श्री अग्नी प्रसन्न, श्री वायू प्रसन्न. या दोहोंचा मेळ होतो तेव्हा चाक फिरते, सबब आधी त्यांस दंडवत. स्वामींनी पुसिले की, मोटारींची इंजिने लहान कैसी जाहली आणि गिअर इतके कैसे वाढले. त्यास जे कानी आले व जे डोळां देखिले ते विनंतीस लिहितो. शके १९३४, नंदननाम संवत्सरी, चैत्रमासी राज्यात दरबारचा हुकूम फिरला की, मुलखात धूर बहुत जाहला, तेल परमुलखातून आणावे लागते, याउपरि ज्या कारखान्याच्या मोटारी सरासरीने एका लिटरास एकोणीस किलोमीटर धावणार नाहीत त्यास पाच वर्षांनी विक्रीची सनद मिळणार नाही. हुकूम ऐकोन कारखान्या-कारखान्यांत हलकल्लोळ जाहला.

नदीकाठच्या एका थोर कारखान्यात भिवराव कुंभोजकर इंजिनखात्याचे मुख्य होते. त्यांनी वीस वर्षांमागे ऐरावत नामे इंजिन सिद्ध केले होते; जाड बिडाचे, चार नळ्यांचे म्हणजे सिलिंडरांचे, सात माणसे आणि टपावर चार पोती घेऊन घाट चढावा आणि धाप लागो नये ऐसे त्याचे बळ. मुलखात लग्न जुळले की वऱ्हाडास ऐरावताचीच गाडी हवी, ऐसा त्याचा लौकिक. परंतु तो लिटरास चौदाच धावे. भिवरावांनी हुकूम वाचला आणि कागद मेजावर आपटोन बोलिले, "घाट काय दरबारची शाई चढणार आहे?" ते समयी गिअरखात्याच्या मुख्य जुबेदाबी शिकलगार समोर बसल्या होत्या. यांचा आजा तलवारींस धार लावीत असे, बाप कारखान्यात दाते कापीत असे, आणि बाई स्वतः गिअरचा आवाज ऐकोन कोणता दाता झिजला ते सांगत. त्या म्हणाल्या, "राव, राग मानू नका. तुमचा ऐरावत उभ्या उभ्यासुद्धा खातो. आणि चालतो तेव्हाही त्याची सुखाची चाल एकच. त्याहून हळू अगर जलद पळविला की भूक वाढते. पाच गिअर म्हणजे उंच पायऱ्यांचा जिना. मला आठ पायऱ्या करू द्या, इंजिन सदा सुखाच्या चालीत ठेविते. तुम्ही मात्र इंजिन लहान करा." भिवराव म्हणाले, "लहान करोन ओढील कोण?" बाई म्हणाल्या, "धुराड्यातून जो वारा फुकट जातो तो ओढील. त्याने पंखा फिरवावा, पंख्याने हवा आत कोंबावी. तीन नळ्या चारांचे काम करतील." भिवराव उठोन गेले आणि आठ दिवस बाईंशी बोलिले नाहीत.

मग धन्यांची आज्ञा जाहली आणि निरुपाये काम मांडिले. तीन नळ्यांचे इंजिन घडले, आपोआप बदलणारे आठ गिअर घडले, ऐसे करिता चार वर्षे सरली. परंतु भिवरावांचे मन ऐरावतापासून सुटले नव्हते. नव्या इंजिनाचीही भिंत त्यांनी बिडाचीच ठेविली आणि जाडही तितकीच ठेविली. बाईंनी तीनदा सांगितले, तीनदा "फुटेल" म्हणोन उडवोन लाविले. अखेर पाच माणसे बसवोन गाडी घाटास नेली. पहिल्या वळणास इंजिन थरथरू लागले, दुसऱ्या वळणास गिअरला तिसरा की चौथा हे उमजेना, वर जाई खाली येई, आणि तिसऱ्या वळणास गाडी उभीच राहिली. वाटेने उसाची बैलगाडी चालली होती, तिचा गाडीवान हसला. भिवराव स्वतः उतरोन गाडी ढकलू लागले.

हुकुमाची मुदत सात महिन्यांवर आली. तेव्हा संगणकखात्याचे विसाजी टाकसाळे यांनी धन्यांपुढे मसलत मांडिली की, "दरबारचे अमीन गाडी जागच्या जागी फिरणाऱ्या रुळांवर चढवोन तपासतात. ते समयी चाके फिरतात, परंतु स्टिअरिंग हलत नाही. इतके ओळखावयास गाडीच्या संगणकास शिकवू. तपासणीत उपाशी राहील, रस्त्यावर पोटभर खाईल. ऐरावत मोडणे नको, काही नको." धन्यांनी भिवरावांस बोलावोन कागद पुढे केला आणि म्हणाले, "बाराशे माणसे आहेत, भिवराव. तुमची सही हवी." भिवराव हुकुमाचे वैरी, आणि ऐरावत वाचत होता, सही लेखणीच्या टोकाशी आली होती. तरी म्हणाले, "उद्या सांगतो," आणि निघाले.

भर दुपारी चौकात वाहने तुंबली. भिवराव आपल्या ऐरावतात बसले होते, काच खाली होती. आवाजावरोन त्यांस कळो आले की पुढे मागे सारे ऐरावतच उभे आहेत; आपला धरोन मोजिले तो सतरा भरले. सतराही जागच्या जागी धडधडत होते. मध्ये वाहतुकीची एक शिपाईण तोंडास रुमाल बांधोन उभी होती, डोळे लाल जाहले होते. ती काचेशी येऊन म्हणाली, "काका, उभी आहे तोवर बंद करा की गाडी. सकाळपासून हेच गिळतेय मी." भिवरावांनी चावी फिरविली. आपले इंजिन थांबले, आणि बाकी सोळांचा आवाज कानी भरला. हा आवाज त्यांनी वीस वर्षे अभिमानाने ऐकिला होता. त्या दिवशी प्रथम त्यांस तो पोट न भरणाऱ्याचा वाटला.

दुसरे दिवशी धन्यांस म्हणाले, "सही करीत नाही. फसवीन तर अमिनास नाही, रस्त्यात उभ्या माणसास फसवीन. सात महिने द्या. इंजिन जड आहे ते माझ्या हट्टाने जड आहे." मग बाईंच्या खोलीत गेले आणि उभ्यानेच बोलिले, "बाई, भिंत ॲल्युमिनियमची करू. किती पातळ म्हणत होता?" बाईंनी टोचोन काही म्हटले नाही, आकडा सांगितला आणि खुर्ची पुढे केली. थरथर मारावयास उलट फिरणारा एक दांडा बसविला. सिग्नलास गाडी थांबली की इंजिन आपोआप बंद व्हावे ऐसे केले. आणि विसाजींस बोलावोन भिवराव म्हणाले, "तुमची अकल तपासणी ओळखणार होती ना? तिला घाट ओळखावयास लावा. चढ दिसला की गिअर धरोन ठेवावा, डळमळू नये." विसाजी खाली मान घालोन कामास लागले आणि त्यांनी ते काम उत्तम केले. फिरोन घाटास गेले, पाच माणसे आणि वर चार पोती. गाडी माथ्यावर पोहोचली. साऱ्या मोटारींस नवे इंजिन बसविले, मग अमिनांनी सरासरी काढिली, ती एकोणीस आणि वर दोन दशांश भरली.

ऐरावताचे साचे भिवरावांनी आपल्या हाते फोडिले. ओतकामाचे बहुतेक लोक नवा धातू शिकले; चाळीस जण मात्र वयाने थोर, त्यांस ते साधले नाही, ते घरी बसले. त्या चाळिसांच्या घरी भिवराव एकटे जाऊन आले. कोणी चहा दिला, कोणी दार उघडिले नाही.

पुढे दरबारचा दुसरा हुकूम आला, पहिल्याहून कठीण. भिवरावांनी तो बाईंस वाचोन दाखविला. बाई ऐकोन म्हणाल्या, "याला आता वीजच पुरी पडेल, राव. आणि विजेच्या मोटारीस आठ गिअर लागत नाहीत. एक जोडी पुरते." भिवराव हळूच म्हणाले, "मग तुम्ही काय कराल, बाई?" बाईंनी खिडकीबाहेर पाहिले. "चार दिवस रडेन. मग ती एक जोडी ऐसी कापीन की कोणास ऐकू येऊ नये."

येणेप्रमाणे हुकूम दरबारात लिहिला गेला आणि पाळिला गेला तो माणसांच्या काळजात. इंजिन लहान जाहले, ते करणारे लहान जाहले नाहीत. इति.