चेंबरपाशी ठिय्या

"या गटारात माणूसच नाही!" साहेबांनी अहवाल बाईंपुढे सरकवला. "चौदा कुटुंबं राहतात त्या इमारतीत, आणि सांडपाण्यात माणसाचा मागमूस नाही. सलग तिसरा मंगळवार. खरं सांगा बाई, नळाखाली बाटली धरता ना?"

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आरोग्य खात्यासाठी त्या नऊ वर्षं इमारतींच्या सांडपाण्याचे नमुने गोळा करत होत्या. कुठे कसली साथ येतेय हे डॉक्टरांच्या आधी त्यांच्या बाटलीला कळायचं. माणसाच्या पोटातून हमखास उतरणारा एक निरुपद्रवी विषाणू प्रयोगशाळा आधी शोधते. तो सापडला तरच नमुना खरा, रोगराईचा शोध त्यानंतर. इथे तोच गायब होता.

"नळाचं पाणी भरायचं असतं, तर नऊ वर्षं त्या चेंबरांवर वाकले कशाला असते?"

"मग येत्या मंगळवारी खरा नमुना आणा. नाहीतर माफीनामा द्या आणि घरी बसा."

"नमुना आणते. माफीनाम्याचा कागद तुम्ही वाचवा."

खरी मेख बाईंना इमारतीच्या वॉचमनने सांगितली होती. महिन्याभरापूर्वी तिथल्या नमुन्यात काविळीचा विषाणू निघाला आणि खात्याने फाटकावर सूचना चिकटवली. इमारतीचे अध्यक्ष निवृत्त मुख्याध्यापक. त्यांनी ती टराटरा फाडली आणि फर्मान काढलं: मंगळवारी सकाळी सहापासून बाई जाईपर्यंत कोणीही संडासात जायचं नाही, आणि बागेच्या नळाची नळी मोरीत मोकळी सोडायची. बाई सातला यायच्या, चेंबरचं झाकण उचलायच्या आणि खाली पाणी वाहत असायचं नितळ, अगदी तोंड धुवावं असं.

नियमात नमुना सातला घ्यायला सुरुवात करावी एवढंच होतं. संपवायचा कधी, हे लिहायचं कोणाला सुचलंच नव्हतं. त्या मंगळवारी बाईंनी घडीची खुर्ची आणली, बागेतली नळी दुमडली आणि तिच्यावरच खुर्ची टाकून बसल्या. चेंबर कोरडं पडलं.

अध्यक्ष काठी आपटत खाली आले. "नमुना घ्या आणि निघा!"

"येऊ दे की, सर. आला की घेते."

नऊ वाजले. अध्यक्षांनी वर पाहून हुकूम सोडला, "कोणी जागचं हलायचं नाही! मीही हलणार नाही!" चौदा खिडक्यांतले चेहरे ताठ झाले. बाईंनी कॅनमधलं पाणी घेतलं आणि नमुन्याची बाटली विसळू लागल्या. बारीक धार धरून, सावकाश. एकदा, दोनदा, पाचदा.

"ते बंद करा आधी!" अध्यक्षांनी एक पाय दुसऱ्या पायाला घट्ट चिकटवला.

"स्वच्छता नको का, सर?"

सव्वादहाला तिसऱ्या मजल्यावरून अध्यक्षांच्या पत्नीचा आवाज आला. "अहो, पस्तीस वर्षं तुमची शिस्त पाळली. आता मी चालले!"

"खबरदार! इमारतीच्या इज्जतीचा प्रश्न आहे!"

"इज्जत तुम्ही सांभाळा, माझं मला सांभाळू दे!"

दार धाडकन लागलं. पाइप गडगडला. मग काय, घराघरातून दारं आपटू लागली. बाईंनी शांतपणे बाटली भरली, बूच लावलं आणि वर पाहिलं, तर अध्यक्ष काठी टाकून जिन्याच्या दोन दोन पायऱ्या चढत होते.

शुक्रवारी साहेबांनी पुन्हा अहवाल सरकवला. "शून्यावरून थेट नऊशे माणसांचा ऐवज! साठ माणसांच्या इमारतीत? कुठकुठलं मिसळलंत?"

"आणि कावीळ?"

"तीही आहे. पण असल्या नमुन्यावर विश्वास कोण ठेवणार?"

"चला, ज्यांचा आहे त्यांनाच विचारू," म्हणत बाईंनी साहेबांना तडक इमारतीच्या फाटकाशी नेलं.

साहेब अध्यक्षांना म्हणाले, "सर, हा नमुना तुमच्या इमारतीचा असूच शकत नाही. आमच्या बाईंनी लबाडी केलेली दिसते. त्यांना आजच काढतो, आणि तुमच्यावरचा ठपकाही पुसून टाकतो."

अध्यक्षांना याहून काय हवं होतं? नुसतं गप्प राहायचं होतं. बाईंना भीती वाटली, आणि भीतीपेक्षा राग जास्त आला. "बोला सर. गप्प बसलात तर तुमची इमारत सुटेल, माझी नोकरी जाईल. आणि कावीळ? ती घराघरात मुक्कामाला राहील."

मागून अध्यक्षांच्या पत्नी आल्या. त्यांनी नातीला कडेवर घेतलं होतं. "अहो, हिचे डोळे बघा. सकाळपासून पिवळे दिसतायत."

अध्यक्षांनी नातीकडे पाहिलं. मग बाईंकडे. त्यांचा चेहरा उतरला, पण मान मात्र ताठ झाली आणि चाळीस वर्षं वर्ग दणाणून सोडणारा आवाज फुटला. "लबाडी? कोण म्हणतं लबाडी? नमुना आमचाच आहे!"

"पण सर, एवढा?"

"सव्वाचार तास रोखून धरलेला आहे! लिहून घ्या. चौदाच्या चौदा घरांच्या सह्या देतो. आणि आमची पाण्याची टाकी आजच्या आज तपासा."

साहेबांनी मुकाट्याने पेन काढलं. अध्यक्षांनी कागदावर ठसठशीत सही ठोकली, तो बाईंच्या हातात दिला आणि खालच्या आवाजात म्हणाले, "बाई, पहिली धार आमच्या हिची होती. तेवढी नोंद व्हायला हवी."