लेकरू चोरून काय खातं?

आमच्या औंढ्याच्या सरकारी दवाखान्यात तापलेलं लेकरू घेऊन गेलं, की कंपाउंडर वजीरमियाँ ताप किती दिवसांचा हे आधी विचारायचेच नाहीत. चष्मा कपाळावर ढकलून पहिला सवाल टाकायचे, "घरात चोरून काय खातं?"

नवख्या आईबापांना वाटे, आपण चुकून चावडीवर तर आलो नाही? गावच्या पाटलांनी एकदा नातवाला खांद्यावर टाकून तसंच परत चालवलं होतं. "आमच्या घराण्यात चोर न्हाईत, मियाँ."

"बराबर," वजीरमियाँ म्हणाले, "पन जिभेला घरानं नसतं, पाटील."

तेवढ्यात आजोबांच्या खांद्यावरून नातवानंच कबुली दिली. तो चुलीतली राख खायचा. पाटलांची मान खाली गेली आणि वजीरमियाँचा चेहरा असा उजळला, की अर्धा रोग तिथंच बरा झाला.

निजामी अमलातली ही गोष्ट. डॉक्टर हिंगोलीहून आठवड्यातून एकदा येत. बाकीचे सहा दिवस दवाखाना म्हणजे वजीरमियाँच. त्यांचं म्हणणं असं, की आईबाप देतात ते लेकरू खातं, पण चोरतं ते त्याच्या जिभेला हवं असतं. ते एकदा कळलं, की कडू औषध घशाखाली उतरवायची वाट सापडते. चिंच चोरणाऱ्याला ते औषधानंतर चिंच चघळायला देत. हरभऱ्याची डाळ चोरणाऱ्याला मूठभर डाळ दाखवून ठेवत. गूळ चोरणाऱ्यांची मात्र त्यांना धास्ती होती. "गूळवालं लेकरू लई जड. गोडावर कडू अजून कडू लागतं."

अट एकच. खाऊ औषधात कालवायचा नाही. आधी द्या, नंतर द्या, पण वेगळा द्या, आणि औषध कडू आहे हे लेकराला तोंडावर सांगा. "दवा दवेच्या जागी, खाऊ खाऊच्या जागी," हे ते दिवसातून वीस वेळा तरी ऐकवत. वर प्रत्येक लेकरासमोर त्याचं औषध स्वतः चाखत आणि तोंड इतकं वाकडं करत, की दाढी एका बाजूला जाई. लेकरं हसत. मोठी माणसं म्हणत, अर्धं सरकारी औषध हाच पितो.

म्हणणाऱ्यांत मी पुढे होतो. गावचा मास्तर असल्यामुळे लोकांना हसण्याचा मला परवाना आहे, अशी माझी समजूत होती.

त्या वर्षी पोळ्यानंतर हिवतापानं घरोघर अंथरुणं घातली. आमच्या चार वर्षांच्या शकूला एक दिवसाआड हुडहुडी भरून ताप चढू लागला. वजीरमियाँनी कोयनेलची, म्हणजे कडूजहर क्विनीनची, बाटली दिली. बाटलीवर मात्रांसाठी कातरलेली कागदाची पट्टी होती. औषध दर वेळी एकेक खूण खाली उतरत होतं, पण शकूच्या पोटात नव्हे, माझ्या धोतरावर. मी नाक दाबून पाहिलं, दरडावून पाहिलं. मध आहे म्हणून सांगितलं. एकदाच तिचा विश्वास बसला. त्यानंतर मी कुठलाही चमचा घेऊन आलो, तरी ती ओठ घट्ट मिटून घेई.

तापाच्या तिसऱ्या पाळीनंतर तिला उचललं तर ती हाताला लागेना, इतकी हलकी झाली होती. मागच्या गल्लीतलं एक मूल त्याच आठवड्यात गेलं होतं. मला भीती वाटत होती. शाळेत फळ्याकडे तोंड करून मी नुसताच उभा राही.

शेवटी दवाखान्यात गेलो. सवाल ठरलेलाच. "माझी मुलगी चोरत नाही," मी पाटलांपेक्षाही ताठ आवाजात म्हणालो आणि तरातरा घरी आलो.

घरी बायकोनं शेवयांची खीर केली होती. शकूचा त्या खिरीवर भारी जीव. "कालवूनच देते," बायको म्हणाली. "माझ्या हातची खीर ती न्हाई म्हणायची न्हाई." मी बाटली पुढे केली. कंपाउंडरचं तत्त्वज्ञान त्याच्यापाशी, लेक माझी होती.

कालवलेली वाटी शकूच्या तोंडाशी गेली, तोच दारात वजीरमियाँ. मी तणतणत निघून आलो म्हणून पाठोपाठ आले होते. उघडी बाटली आणि खिरीची वाटी त्यांनी एका नजरेत पाहिली. ते आत आले, बायकोच्या हातातून वाटी घेतली आणि अंगणात उपडी केली.

"ही कुठली रीत?" माझा आवाज फाटला. "माझं लेकरू हातचं जाऊन राहिलं, मियाँ."

"जाऊ देत न्हाई," ते म्हणाले. शकूच्या उशाशी उकिडवे बसून त्यांनी विचारलं, "बेटा, चोरून काय खातीस? कुनाला सांगत न्हाई मी."

शकूनं आमच्याकडे पाहिलं आणि त्यांच्या कानात काहीतरी सांगितलं.

"भाभी, मिठाचे दोन खडे द्या."

आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. वजीरमियाँनी तिला सांगितलं, "कडू हाय. लई कडू. मी बी घेतो." खडा तिच्या जिभेवर ठेवला, एक चमचा स्वतः घेतला, दाढी एका बाजूला गेली. मग दुसरा चमचा तिला. शकूनं तोंड वेडंवाकडं केलं आणि गिळलं. दुसरा खडा लगेच तोंडात. आता औषध उलटून पडेल या भीतीनं मी तिच्या गळ्याकडे पाहत बसलो. पडलं नाही.

बाटलीचं बूच लावता लावता वजीरमियाँ बोलले. "माझ्या अन्वरला असाच ताप होता, मास्तर. पाच बरसाचा होता. माय नव्हती त्याला. मी शीरखुर्म्यात कोयनेल कालवून माझ्या हातानं खाऊ घातलं. ताप गेला. पोरगा चांगला हाय, हैदराबादला नोकरी करून राहिला. दर ईदला येतो. मी वाटी देतो, तो घेतो. पन पहिले वास घेतो. एवढा मोठा झाला, तरी. आपन वास घेऊन राहिलो, हे त्याला ठाव बी न्हाई. मी काही बोलत न्हाई."

मला फार लाज वाटली.

बायकोनं पातेल्यातली राहिलेली खीर दुसऱ्या वाटीत आणली. वजीरमियाँनी हात पुढे केला. "मी देऊ का?"

तिनं वाटी त्यांच्या हातात दिली. त्यांनी चमचा भरून शकूच्या तोंडाशी नेला आणि तिथंच धरून ठेवला. शकूनं वास न घेता, डोळे मिटूनच आ केला.

वाटी संपायला अर्धा तास लागला. वजीरमियाँ एकेक चमचा अर्धाच भरत होते.