मौनातली घंटा

"अगं, कोंडायच्या आधी निदान सांगायचं तरी! नऊ सोंगट्या उचलल्यास माझ्या, आणि चेहरा असा की जणू तुळशीला पाणी घालतेयस!" गुणवंतराव बायकोवर करवादले.

कुमुदताईंनी ओठांवर बोट ठेवलं. चातुर्मासात रोज संध्याकाळी सात ते आठ मौन, हा त्यांचा नेम. उद्या एकादशीला सांगता. चार महिन्यांत साधं 'हं'सुद्धा निसटलं नव्हतं. आज शेवटचा तास.

त्यांच्या लेकीने, रुचिताने, बाबांना निवृत्तीनंतर विरंगुळा म्हणून 'गो' नावाचा खेळ पाठवला होता. पटावरच्या रेघा जिथे छेदतात तिथे आळीपाळीने काळी-पांढरी सोंगटी ठेवायची. चहूबाजूंनी कोंडली गेली की उचलायची. गुणवंतराव एकटेच पुस्तक वाचून डाव मांडत. एकदा कुमुदताई समोर बसल्या आणि चटकच लागली. मौन जिभेचं असतं, हातांचं नव्हे, असा सोयीस्कर शास्त्रार्थ त्यांनी काढला.

"आता नियम," गुणवंतराव म्हणाले. "माझ्या सोंगट्यांना एकच वाट उरली की इशारा द्यायचा. तोंड बंद ना? मग घंटा वाजव."

कुमुदताईंनी देवघरातून घंटा आणली. जिंकलेल्या पांढऱ्या सोंगट्यांसाठी नैवेद्याची चांदीची वाटीही आणली. हाताशी तीच होती.

पंधरा मिनिटांत घंटा पाच वेळा वाजली. सहाव्यांदा वाजली आणि दारात डोक्यावर ओढणी घेतलेल्या शेजारच्या मिसेस चड्ढा उभ्या.

"भाभीजी, आरती शुरू भी हो गई? मुझे बुलाया क्यों नहीं?"

कोणी काही सांगायच्या आत त्यांनी देवाला नमस्कार केला, वाटीतली एक पांढरी सोंगटी कपाळाला लावली आणि तोंडात टाकली.

कुमुदताईंनी दोन्ही हात जोरजोरात हलवले.

"अच्छा, चबानी नहीं है? चूस लूँगी. मिश्री है भी बड़ी सख़्त."

आता नवऱ्याचं लक्ष वेधायला हवं, म्हणून कुमुदताईंनी घंटा बडवली. ती ऐकून वरच्या मजल्यावरची सलोनी धावत आली. सोंगटी थुंकावी म्हणून कुमुदताईंनी वाटी चड्ढाबाईंच्या हनुवटीखाली धरली, तर त्या म्हणाल्या, "नहीं नहीं, मेरे लिए एक बहुत है. ले सलोनी, तू ले."

बोलावं तर नेम मोडतो, न बोलावं तर सोंगटी पोटात जाते. विठ्ठला, आता तूच बघ, असं मनात म्हणत त्यांनी व्याकूळ होऊन गुणवंतरावांकडे पाहिलं.

ते पटावर वाकले होते. सगळ्यांची पाठ वळलेली आहे असं समजून त्यांनी कोपऱ्यातली एक काळी सोंगटी हळूच खिशात सरकवली.

"अहो! ठेवा ती परत! खिशातली! दिवा लावलाय समोर, लाज नाही वाटत?"

दचकून चड्ढाबाईंच्या तोंडातली सोंगटी टणकन फरशीवर पडली. सलोनीने हातात घेतलेली सोंगटी मुकाट्याने वाटीत टाकली.

गुणवंतरावांनी घड्याळाकडे बोट दाखवलं. "आठला दोन मिनिटं कमी. मोडलं मौन!"

कुमुदताईंनी आधी काळी सोंगटी जागेवर ठेववून घेतली, मग देवापुढे कान धरले. प्रायश्चित्तही तिथल्या तिथे बोलून टाकलं: उद्यापासून महिनाभर रोज दोन तास मौन.

"दोन तास? आणि एवढा वेळ करणार काय गं तू?"

दुसऱ्या दिवशी सहाच्या ठोक्याला त्या पट मांडून समोर बसल्या. घंटा उजव्या हाताशी होती. वाटी मात्र या वेळी स्टीलची होती.