बिरादार मास्तरांची शुगर

आमच्या उदगीरचे बिरादार मास्तर भेटल्यावर ‘कसं काय’ असं कधी विचारत नाहीत. ‘आज कोणता रंग खाल्ला?’ असं विचारतात. आपण ‘फूलगोबी’ म्हणालो, की जवळचं कुणी गेल्यासारखा चेहरा करून म्हणतात, “निव्वळ कोरा कागद खाल्लाव की हो!”

मास्तरांनी उभा जन्म शाळेत चित्रकला शिकवली. निवृत्तीनंतर लातूरच्या एका दवाखान्यात त्यांनी एका डॉक्टरांचं व्याख्यान ऐकलं. फुलाफळांचे काही रंग फ्लेव्होनॉइड नावाच्या द्रव्यांमुळं येतात, आणि ती द्रव्यं मधुमेहात कामी येतील का यावर शोध चालू आहे, असं ते डॉक्टर म्हणाले. रंग आणि शुगर एकाच वाक्यात! मास्तर तिथंच बाटले.

तेव्हापासून लग्नाच्या पंगतीत मास्तर शेजारी बसले की आपल्या ताटातला कांदा आपला राहत नाही. “वरचं जांभळं पातळ टाकू नका, माल त्याच्यातच हाय!” जांभळाचं साल चावून खायचं, अंबाडी लाल देठाचीच घ्यायची. एकदा मी मोठ्या कौतुकानं हळदीचं नाव काढलं. मास्तर गंभीर झाले. “हळद चांगलीच हाय. पण ती आपल्यातली न्हाई. तिचं घराणं वेगळं.” सोयरीक मोडल्यासारखं वाटलं मला.

मला शुगर निघाली तसा मी कॉलेजच्या मैदानावर सकाळी चालायला जाऊ लागलो. तिथं मधुमेहवाल्यांचा एक जथा आहे. लोक त्याला शुगरपार्टी म्हणतात. मास्तर त्यात सगळ्यांत जुने. पुढं शेटकार अण्णा, मोंढ्यातले आडत व्यापारी, आणि त्यांच्या खांद्याला खांदा लावून फ्लेव्होनॉइड समजावत मास्तर. अण्णांना तो शब्द अजून येत नाही. ते ‘फुलवानाईट’ म्हणतात.

या अण्णांनी एकदा जाहीर केलं, “मी गोळ्या बंद केल्या. मास्तरांचा कांदा बास हाय.”

मास्तर जागीच थांबले. “अण्णा, ते सगळं उंदरावर करून पाहिलंय. तुमी उंदीर हाव का?”

“अहो, तुम्हीच तर सांगत होताव...”

“मी भाजी सांगितली, दवा न्हाई! डॉक्टरला इचारल्याबिगर गोळी सोडली तर माझ्याशी बोलू नका.” मास्तरांचा आवाज फाटला होता. दुपारी ते अण्णांच्या आडतीवर गेले आणि गोळी गिळेपर्यंत समोर बसून राहिले.

या उन्हाळ्यात एका सकाळी मास्तरांना मैदानावर भोवळ आली. माझं घर लागूनच, म्हणून मी त्यांना धरून घरी आणलं आणि शुगर तपासायचं मशीन काढलं. मास्तरांनी हात पाठीमागं नेला.

“नको भाऊ. कालच तपासलीय.”

“मास्तर, भोवळ आलीय तुम्हाला. शुगर उतरली असली तर?”

मी जवळजवळ जबरदस्तीनंच बोट टोचलं. शुगर अगदी ठीक होती. “छान ताब्यात आहे की! कोणती गोळी चालू आहे?” मी विचारलं.

मास्तरांनी बोटावरचा कापूस दाबून धरला.

“मला शुगर न्हाई, भाऊ. कधीच नव्हती. ती हिला होती.”

त्यांच्या पत्नीला जाऊन चार-पाच वर्षं झाली होती, एवढंच मला ठाऊक होतं.

“मी निस्ता सोबतीला यायचो. व्याख्यान बी हिला दवाखान्यात नेलं तवाच ऐकलं. ही गेली, दिवसकार्य उरकलं, आन् मी आपला पुन्हा मैदानावर आलो. अण्णा म्हणले, ‘मास्तर, आता तुम्ही कशाला तरास घेताव?’ चांगल्या मनानंच म्हणले. पण मी जावं कुठं? लेक पुण्याला. घरी बोलायला भिंती. तोंडातून निघून गेलं, मला बी निघालीय म्हणून.”

तेवढ्यात आमची ही चहा घेऊन आली. “तुमचा बिनसाखरेचाच केलाय, मास्तर.”

मास्तरांनी माझ्याकडं पाहिलं, मग उघड्या दाराकडं. हळूच म्हणाले, “ताई, दोन चमचे टाकता का?”

तो चहा त्यांनी बशीत ओतून, फुंकर घालत, फार सावकाश प्यायला. मग डॉक्टरांकडं नेलं तर उन्हाचा त्रास निघाला. पाणी प्या, सावलीत राहा, म्हणाले.

दोन दिवसांनी मास्तर मैदानावर आले, पण कडेच्या कट्ट्यावरच बसले. माझ्याकडं बघेनात. शुगरपार्टीनं मला घेरलं.

“काय निघाली हो मास्तरांची शुगर?” अण्णांनी विचारलं.

“जास्तच निघाली,” मी म्हणालो. “रोज चालायला सांगितलंय. आणि एकटं सोडू नका म्हणालेत.”

अण्णा तडक कट्ट्यापाशी गेले आणि मास्तरांच्या दंडाला धरून त्यांना उठवलं.

“मग बसलाव कशाला? चला की!”