बिनटेन्शनची रॅकेट

शेषेरावांच्या बॅकहँडला अख्ख्या मराठवाड्यात तोड नव्हती, असं खुद्द शेषेरावच सांगायचे. ऐकणाऱ्यानं भुवया वर केल्या की खिक्कन हसून पुढं जोडायचे, "तोड असणार कशी? बॅकहँड म्हंजे काय हे अख्ख्या मराठवाड्यात कुणाला ठाऊकच न्हवतं. मलाबी न्हवतं."

पण रॅकेट मात्र खरोखर होती. लातूरच्या कचेरीत शेषेराव आणि उदगीरचा वीरण्णा टेबलाला टेबल लावून बसायचे. शेषेराव नववीत गटांगळी खाल्लेले, वीरण्णा मॅट्रिक. म्हणून शेषेराव त्याला 'पंडित' म्हणून चिडवायचे (आणि अर्ज लिहायचा झाला की त्याच पंडिताच्या पुढ्यात जाऊन बसायचे). संध्याकाळी साहेब लोक क्लबात टेनिस खेळायचे. ते घरी गेले की दिवेलागणीपर्यंत उरलेला जेमतेम उजेड या दोघांचा. मुरमाचं लाल कोर्ट, फक्कीच्या पुसट रेघा, केस गळालेले चेंडू, आणि बदलीवर जाताना एका साहेबानं टाकून दिलेल्या दोन लाकडी रॅकेटी. अंधार पडला तरी दोघं खेळतच राहायचे. चेंडू दिसायचा नाही, नुसता आवाज यायचा. टक्. मग पलीकडून टक्. आवाज थांबला की कुणाचा तरी पॉइंट, आणि कुणाचा यावरून भांडण. भांडण गंजगोलाईच्या बाजारातल्या मिरचीभज्यांपर्यंत पुरायचं.

पुढं शेषेरावांची नांदेडला बदली झाली, ते तिथलेच झाले आणि टक् टक् बंद पडली.

तर परवा त्या वीरण्णाचा फोन आला.

"शेष्या, पोराकडं बेंगळुरूला चाललो. कायमचा."

"कामून? लातूरचं काय बिघडलं?"

"लातूरचं न्हाई रे, माझं बिघडलं. बायको गेल्यापासून एकट्यानं किती दिवस भाकरी थापू? शनिवारी निघतो. सकाळी कोर्टावर ये. एक डाव खेळू अन् मग जातो."

शेषेरावांना काहीतरी चांगलं बोलायचं होतं. तोंडून निघालं ते असं, "ये म्हणतोस, पण हरल्यावर रडायचं न्हाई. बेंगळुरूला पाणी कमी हाय म्हणं."

फोन ठेवला आणि त्यांनी सरळ गच्ची गाठली. रॅकेट तिथंच होती. तारेला आडवी टांगलेली, वर फडकं, फडक्यावर सांडगे. मुंग्या चढत नाहीत आणि खालून वारा लागतो, म्हणून बायकोनं, केवळाबाईंनी, ती कधीच आपल्या खात्यात जमा करून घेतली होती. शेषेरावांनी सांडगे सुपात ओतले. दोऱ्या निम्म्या तुटलेल्या, उरलेल्यांना मिरचीचा वास.

"माझी जाळी कुठं नेता?" जिन्यातून आवाज आला.

"जाळी न्हाई ती. रॅकेट हाय."

"मला न्हाई माहीत. सांडगे कशावर वाळवू आता? तुमच्या टकलावर?"

शेषेरावांनी खालच्या मानेनं बाजार गाठला. खेळाच्या सामानाचं दुकान व्यंकटचं. पोट सुटलेला, गोड बोलणारा माणूस. त्यानं आधी नवी कार्बनची रॅकेट हातात दिली. शेषेरावांनी ती वर-खाली केली.

"हिच्यात काय हाय?"

"काही नाही काका. म्हणून तर हलकी."

"मंग हातात धरलं काय म्हणायचं? राहू दे. हिलाच दोऱ्या घाल."

व्यंकटनं लाकूड वाजवून पाहिलं, वास घेतला, शिंकला. "टेन्शन किती ठेवायचं काका?"

शेषेरावांना गहिवरून आलं. आजकाल इतक्या आपुलकीनं विचारतं कोण? घरचे तर टेन्शन देऊन मोकळे होतात.

"बिलकूल ठेवायचं न्हाई. डॉक्टरनं सांगितलंय."

"डॉक्टरनं?"

"हाव. बीपी हाय मला."

व्यंकटला वाटलं, हाताला दणका बसू नये म्हणून दोऱ्यांचा ताण कमी ठेवायला डॉक्टरनं सुचवलं असेल. "तसं लाकूडही जुनं आहे म्हणा. पण थोडं तरी ठेवावं लागेल."

"थोडंबी कशाला? त्या खात्याला बायको हाय की घरी."

गिऱ्हाईक देव असतं. देवाच्या इच्छेप्रमाणे व्यंकटनं दोऱ्या ओवल्या आणि जागच्या जागी सैल सोडून दिल्या.

मग चेंडू. सीलबंद डबा उघडताच 'फुस्स' झालं. "ह्याला गॅसेस झालेत. उघड्यावरचे दाखव." व्यंकटनं सरावाच्या चेंडूंचं खोकं पुढं केलं. शेषेरावांनी चिकू निवडावेत तसा एकेक दाबून पाहिला. कडक लागला की बाजूला, बोट रुतलं की पिशवीत.

"काका, ते मऊ पडलेत."

"पिकलेलेच पायजेत. आता दात कुठं राहिलेत?"

घरी येऊन त्यांनी रॅकेटच्या तब्येतीकडं लक्ष घातलं. पूर्वी वीरण्णा आपल्या रॅकेटला तेल चोळायचा एवढं आठवत होतं. कुठं चोळायचा हे आठवत नव्हतं, म्हणून त्यांनी सगळीकडं चोळलं. करडईचं तेल, वाटीभर. मुठीचं कातडं कोरडं दिसलं म्हणून तिला डबल पाजलं.

"भाजीला तेल कमी घाल म्हणता," केवळाबाई म्हणाल्या, "अन् लाकडाला वाटीभर?"

"त्याला कोलेस्टेरॉल न्हाई."

शनिवारी पहाटेच्या एसटीनं दोघं नवरा-बायको लातूरला निघाले. केवळाबाईंनी वीरण्णाच्या वाटेसाठी धपाटे केले होते. रॅकेट शेषेरावांच्या मांडीवर, टॉवेलात गुंडाळलेली. लोह्याच्या स्टँडवर चढून शेजारी बसलेल्या पाहुण्यानं विचारलं, "हे काय हो?"

"मच्छर मारायची मशीन. निजामाच्या टायमाची. तवा लाइट न्हवती, म्हणून हातानं मारावं लागायचं."

पाहुण्यानं भक्तिभावानं टॉवेलाला हात लावला. केवळाबाई खिडकीबाहेर बघत बसल्या, हा माणूस आपल्याबरोबर नाही अशा.

कोर्ट अजून होतं. निम्म्या भागात ट्यूशनच्या पोरांच्या सायकली, चारी बाजूंनी क्लासच्या पाट्या. वीरण्णा आधीच उभा होता. पायजम्यावर पांढरे बूट, कपाळाला विभूती, हातात स्वतःची रॅकेट. ती घरी स्क्रू लावलेल्या लाकडी चौकटीत जपलेली, त्यामुळं सरळच्या सरळ. तो मात्र वाळला होता. फाटकाशी सामान भरलेली गाडी आणि गाडीत त्याचा पोरगा.

शेषेरावांनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि नजर बुटांवर नेऊन ठेवली. "पंडित, बूट फार पांढरे दिसून राहिलेत. चोरीचे का?"

"तू आलास तवाच झाकून ठेवायला पायजे होते," वीरण्णा म्हणाला, आणि दोघं हसले. पण हसू लवकर संपलं.

दोघं जाळीच्या दोन्ही बाजूंना गेले. सायकलीवाली पोरं थांबून बघायला लागली. शेषेरावांनी चेंडू उडवला, रॅकेट फिरवली. चेंडू दोऱ्यांवर येऊन बसला. उडाला नाही, पडलाही नाही. सासुरवाडीच्या बाजेवर जावई आडवा होतो तसा झोळात शिरून पडून राहिला.

"शिव शिव," वीरण्णा पलीकडून म्हणाला. "झोपला काय रे?"

"जागा करतो," म्हणत शेषेरावांनी चेंडू काढला, सगळा जोर लावला आणि दुसरी सर्व्हिस मारली. तेल प्यालेल्या मुठीनं हात सोडला. चेंडू पायाशी टपकला आणि रॅकेट गिरक्या घेत जाळीवरून पार पलीकडं गेली. वीरण्णा वाकला म्हणून वाचला. रॅकेट कोर्ट सपाट करायच्या दगडी रोलरवर आपटली. कट्.

"माझी जाळी!" बाकावरून केवळाबाई ओरडल्या.

वीरण्णानं रॅकेट उचलली. मान मोडून दोन दोऱ्यांवर लोंबत होती. त्यानं ती दोन्ही हातांनी धरली, वास घेतला.

"शेष्या, हिला तळली काय रे?"

शेषेराव तेलकट हात टॉवेलाला पुसायला लागले. पोरं हसत होती, ती थांबली. गाडीचा हॉर्न वाजला. पोरगा काच खाली करून म्हणाला, "अप्पा, ऊन व्हायच्या आत निघू या."

केवळाबाईंनी उठून धपाट्यांचा डबा वीरण्णाच्या हातात दिला. "दह्याबरोबर खावा भावजी. अन् तब्येत सांभाळा." एवढं साधं वाक्य, पण शेषेरावांना दोन दिवस जुळवता आलं नव्हतं.

वीरण्णा गाडीकडं निघाला. शेषेराव मागोमाग. दार उघडलं, पाय आत गेला, आणि तेव्हा कुठं शेषेरावांना बोलायला कारण सापडलं. त्यांनी गाडीचं दार धरून ठेवलं.

"अण्णा," ते म्हणाले. पंडित नाही, अण्णा. "डाव अर्धवट राहिला बघ. अर्धवट डाव टाकून गेलेलं चांगलं नसतं. तुला परत यावंच लागंल."

वीरण्णानं मोडकी रॅकेट त्यांच्या हातात ठेवली.

"अर्धवट कशाचा? सकाळपासून माझ्याकडं नुसती रॅकेट येऊन पोचली. चेंडू कवा धाडतोस?"