आणि त्याच वेळी?

व्यंकट बिरादार कुणालाच 'कसे आहात' असं विचारत नाहीत. ते विचारतात, "काल काय केलंत?" आमच्या वॉचमनला त्यांनी पहिल्याच दिवशी हे विचारलं, तर तो घाबरून म्हणाला, "साहेब, मी गेटवरच होतो, माझा काही संबंध नाही." मग सोसायटीत चोरी झाली असावी अशी कुजबूज दुपारभर चालली.

संत तुकाराम नगरात मी तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत पाळणाघर चालवते. बिरादार वरच्या मजल्यावर भाड्याने राहतात, मूळचे उदगीरकडचे. घरातली माणसं दिवसाचा वेळ कसा घालवतात, मुलांकडे कोण किती बघतं आणि त्याने मुलांच्या वाढीत काय फरक पडतो, याचा अभ्यास करणारे अर्थशास्त्रज्ञ असतात म्हणे. त्यांच्यासाठी बिरादार घरोघर फिरून फॉर्म भरून आणतात. पण ऑफिस सुटलं तरी त्यांचे प्रश्न सुटत नाहीत. भाजीच्या गाडीवरसुद्धा ते सुरू होतात आणि मागची माणसं खोळंबतात.

त्यांचा हुकमी प्रश्न मात्र वेगळाच आहे. तुम्ही काहीही सांगा, ते पेन थांबवून म्हणतात, "आणि त्याच वेळी?" 

शेजारच्या कदमभाऊंनी छाती काढून सांगितलं, "रविवारी दिवसभर पोराला मीच सांभाळलं."

"आणि त्याच वेळी?"

"मॅच बघत होतो."

"आणि पोरगं काय करत होतं?"

"ते माझ्याकडे बघत होतं," कदमभाऊ म्हणाले. आतून वहिनींच्या हसण्याचा आवाज आला आणि फॉर्म तिथेच राहिला.

माझ्याकडे आले तेव्हा मी म्हटलं, "दुपारी काही नाही, बसले होते." त्यांनी नेहमीचा प्रश्न टाकला. आठवून बघते तर एक बाळ मांडीवर झोपलेलं, एका पायाने दुसऱ्याची झोळी हलवत होते आणि हाताने तिसरीची वेणी चालली होती. "ह्याला तुम्ही काही न्हाई म्हणताव," ते म्हणाले. "सगळ्या बायका असंच सांगतेत बघा. ह्या 'काही न्हाई'वर सगळा देश चाललाय." मला पटलं, पण त्यांचा चेहरा इतका गंभीर होता की हसूही आलं.

फॉर्म भरून झाला तरी ते येत राहिले. पहिल्या दिवशी मूल रडलं तर किती वेळ रडतं? नवीन मुलाशी बाकीची खेळतात का? उशीर करणारे पालक असतात का? "सर्व्हेसाठी विचारायलोय," असं वर सांगायचे. खरं काय ते त्यांच्या बायकोने, ज्योतीने, मला आधीच सांगितलं होतं. त्यांची ओवी चार वर्षांची, गावी आजीजवळ. ज्योतीची चाकणच्या कंपनीत शिफ्ट, सेकंड असली की घरी यायला मध्यरात्र. बिरादारांचं ऑफिस हिंजवडीला, तिथल्या ट्रॅफिकमधून सुटून आठपर्यंत पोचले तरी नशीब. लेकीला इथे आणायचं तर माझ्या कुलपाशी गाठ होती.

"साडेसहाला बंद म्हणजे बंद," मी सांगायचे. "लिहा." ते मुकाट्याने लिहायचे. मलाही घर आहे, गुडघे आहेत. एकाला सूट दिली की सगळेच उशीर करणार, हे मी इतक्या वर्षांत शिकलेय.

एकदा ते पेन विसरून गेले. रात्री जेवणाच्या वेळेला मी द्यायला वर गेले. दार उघडंच होतं. बिरादार जमिनीवर ताट घेऊन बसले होते, समोर तांदळाच्या डब्याला फोन टेकवलेला. त्यांनी घास उचलून फोनपुढे धरला. "हा चिऊचा." फोनमध्ये आजीचा हात पुढे आला आणि ओवीने आ केला. तिने घास गिळला तेव्हा बिरादारांनी आपला तोंडात घातला. "हा काऊचा." मी दारातच उभी राहिले.

ओवीचं जेवण झालं, फोन बंद झाला, तेव्हा त्यांचं माझ्याकडे लक्ष गेलं.

"काय करत होतात?" मी विचारलं.

"फोनवर बोलत होतो, ताई."

"आणि त्याच वेळी?"

त्यांनी ताट बाजूला सारलं. "फॉर्मात त्याला रकाना न्हाई," मग म्हणाले. "आई म्हणती, मी दिसलो की पोरगी ताट संपवती. पण हात आईचाच की हो."



"घेऊन या तिला," मी म्हटलं.

"आणि साडेसहा?"

"तुम्ही येईपर्यंत थांबेन. पण जेवायला तुम्हीच घालायचं, ते काम मी घेणार नाही."

मी पेन पुढे केलं. त्यांनी ते घेतलं आणि ते नुसतंच उष्ट्या हातात धरून बसले.