दादाने दिलेली गाडी

गाडी दादाने दिली होती, त्यामुळे तिच्यात दोष असणं शक्यच नव्हतं. दादाने नवी गाडी घेतली आणि जुनी धाकट्या भावाला तशीच देऊन टाकली, ही बातमी गाडी दारात यायच्या आधीच सगळ्या नातेवाइकांत पोचली होती. धाकट्याच्या कानशिलावरचे केस पिकले होते, पण घरात त्याला अजून बारक्याच म्हणत. दादाने बारक्याचं नशीब उजळलं, असं जो तो म्हणत होता.

त्या गाडीत बायकोला बसवून बारक्या घरी निघाला. दादाची गल्ली मागे पडते न पडते तोच स्टिअरिंगच्या मागे पिवळा दिवा लागला. चाकातली हवा कमी झाली की लागतो, तो.

"हवा भरून घ्या," बायको म्हणाली.

त्याने हवा भरली. दिवा तसाच. दुसऱ्या पंपावर जाऊन तपासून घेतली; हवा चोख होती आणि दिवाही चोख होता. तिसऱ्या पंपावरच्या माणसाने "थोडी जास्तच ठेवू या" म्हणत इतकी भरली, की गतिरोधकावर बायकोचं डोकं छताला लागलं आणि पुढे कितीतरी दिवस ती मान न वळवता नुसत्या डोळ्यांनी त्याच्याकडे बघत होती. दिव्याला त्याचं काही नव्हतं.

शेवटी त्याने दादाला फोन केला.

"माझ्याकडे कधी लागला नाही," दादा म्हणाला. आवाजात राग नव्हता, नुसतं आश्चर्य होतं, आणि ते रागापेक्षा वाईट होतं. "घेऊन ये, बघू."

रविवारी तो गेला. रस्ताभर दिवा जळत होता. दादाच्या आवारात नव्या गाडीशेजारी त्याने गाडी लावली, इंजिन चालूच ठेवलं आणि सगळ्यांना बोलवायला आत धावला. दादा, वहिनी, आई, वरच्या मजल्यावरचे शेजारी असे सगळे बाहेर आले. दिवा विझलेला होता.

"कुठाय?" दादाने विचारलं.

"आत्ता होता."

"भाऊजी, झोप होते ना नीट?" वहिनी मायेने म्हणाली.

आईने दादाच्या पाठीवरून हात फिरवला, जणू अपमान त्याचा झाला होता. बारक्याने आशेने बायकोकडे पाहिलं.

"तू सांग ना, येताना होता की नाही?"

"मी कुठे बघते दिव्याकडे," बायको म्हणाली.

परतताना गल्लीच्या तोंडाशी दिवा लागला.

"बघ," तो म्हणाला.

"दिसतोय मला. पण लोकांनी दिलेल्या गाडीबद्दल सगळ्यांदेखत मी तोंड उघडणार नाही. तुम्ही उघडलंत तेवढं पुरे."

मग मात्र तो हट्टाला पेटला. दिव्याचा फोटो काढून त्याने घरच्या ग्रुपवर टाकला. दादाने अंगठा पाठवला. मामाने लिहिलं, 'दादाला किती त्रास देशील?' तो पुन्हा गाडी घेऊन गेला, तर आवारात शिरल्यावर दिवा पुन्हा गप्प. एव्हाना बारक्या दादावर जळतो ही गोष्ट घरात पक्की झाली होती, आणि खरं सांगायचं तर तो जळायलाही लागला होता.

गॅरेजवाला बोलघेवडा होता. हातातलं यंत्र एकेका चाकाशी धरत त्याने निदान सांगितलं, "प्रत्येक चाकात सेन्सर असतो, तो हवेचा दाब गाडीला कळवतो. तुमचे चारही मेलेत. बॅटरी संपल्या. पैजेवर सांगतो."

चाक उघडलं. आत सेन्सर नव्हता. पुढच्यात नव्हता, मागच्यात नव्हता. चारही चाकांत नुसती हवा.

"चोरीला गेले?"

"चोर परत हवा भरून जात नाही," गॅरेजवाला ओशाळून म्हणाला. पैजेचा विषय त्याने पुन्हा काढला नाही. "चाकंच बदललीत कुणीतरी. गाडी आपली जुनी चाकं शोधतेय. ती नुसती जवळपास असली तरी दिवा विझेल, रेडिओसारखं असतं ते."

बारक्या तिथल्या स्टुलावर बसूनच राहिला. दादाच्या नव्या गाडीची चकचकीत चाकं त्याच्या डोळ्यांपुढे आली. हीच चाकं जुन्या गाडीला असताना दादा सुट्टीच्या दिवशी मऊ फडक्याने पुसायचा.

मामाकडे जायला सगळे दादाच्या घरी जमले, तेव्हा त्याने विषय काढला. वाक्य घोकून ठेवलं होतं, तरी बोलताना आवाज चिरकला.

"हो, मीच बदलली," दादा म्हणाला. यात लपवण्यासारखं काही असेल असं त्याच्या चेहऱ्यावर नव्हतंच. "नवीला साधी चाकं आली होती. ही चांगली तुझ्याकडे कशाला खराब करायची? तुझ्या रस्त्याला सगळे खड्डे."

"मग मी वेड्यासारखा हिंडत होतो तेव्हा सांगायचंस ना."

"तू म्हणालास, गाडी बिघडलीय. गाडी कुठे बिघडली होती?"

बारक्याला वाटलं, आता आई बोलेल. आई बोललीही.

"म्हणजे गाडी चांगलीच होती," ती म्हणाली आणि तिने सुटकेचा निःश्वास सोडला. वहिनीचा चेहरा उजळला. बायकोने मान खाली घालून पदराचं टोक सारखं केलं.

"मामालाही सांगा रे," आई म्हणाली, "तो उगाच काळजीत होता."

दादाने बारक्याच्या खांद्यावर हात ठेवला. मनात काही न ठेवणारा माणूस होता तो. "आता बरोबरच निघतोय. तू माझ्या मागोमाग ये. फार लांब पडू नकोस, म्हणजे दिवा लागणार नाही."

बारक्याने आईसाठी पुढचं दार उघडून धरलं. आईने वाकून आत पाहिलं आणि पिशवी छातीशी घट्ट धरली.

"मी दादाच्या गाडीत बसते रे," ती म्हणाली. "तुझ्या गाडीत तो दिवा लागतो ना."